दिवसातून एकदाच येणारी भरती

उत्तर व्हिएतनामच्या किनाऱ्यावर समुद्राला दिवसातून एकदाच भरती येते. आपल्या कोकणात ती दोनदा येते. साधारण सहा तास पाणी चढतं, सहा तास उतरतं, आणि पुन्हा तेच. माझं माहेर दाभोळच्या खाडीकाठचं. पौर्णिमा-अमावस्येला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग, हे तिथल्या पोराला पाटी-पेन्सिल हातात येण्याआधी कळतं. म्हणूनच उत्तर व्हिएतनाममधल्या बाख दांग नदीवरच्या लढाईची तिथी वाचली तेव्हा ती मनात अडकून बसली. त्यांच्या चांद्र वर्षाच्या तिसऱ्या महिन्यातली शुक्ल अष्टमी, म्हणजे ९ एप्रिल १२८८. त्या दिवशी उतरत्या पाण्यात मंगोलांचं अख्खं आरमार लाकडी खुंटांवर अडकवून बुडवलं, असं पुस्तकात लिहिलं होतं. अष्टमीला? अष्टमीला आमच्याकडे पाणी धड चढत नाही आणि धड उतरतही नाही. भांगाच्या दिवसांत तांडेल होडी वर ओढून जाळी शिवायला बसतात. कुब्लाई खानाच्या फौजेला तोंड देणारा सेनापती नेमका असा दिवस का निवडेल?

व्हिएतनामला जायचं ठरलं तेव्हा आमच्या गटाच्या कार्यक्रमात हानोई आणि हालाँगचा उपसागर होता. या दोन्हींच्या मध्ये, हालाँगच्या वाटेवरच, क्वांग येन नावाचं गाव आहे आणि तिथल्या एका तळ्यात ते खुंट अजून उभे आहेत. बाकीची मंडळी हालाँगच्या बोटीवर गेली. मी आणि माझी नणंद हायफाँगला उतरलो. "वहिनी, तिथे बघायला नक्की काय आहे?" असं तिने रेल्वेत विचारलं. "चिखलातली लाकडं," मी म्हटलं. ती म्हणाली, "मग चल. डोंगर काय, चित्रातही दिसतात."

हायफाँग हे मोठं बंदर. शहराबाहेर पडलं की क्रेनच्या रांगा, कंटेनरचे डोंगर, कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड आणि मधूनमधून तिवरांची हिरवी किनार. २०१८ साली खुला झालेला बाख दांग पूल नदीच्या मुखावरून जातो. पुलावरून खाली पाहिलं तर पाणी गढूळ, रुंद आणि संथ. रिमझिम चालू होती. इथे वसंतात असं बारीक धुक्यासारखं पाणी दिवसचे दिवस झरत राहतं. उत्तरेला चुनखडीचे सुळके दिसतात. त्यांतले काही सिमेंटसाठी पोखरलेले आहेत. या नदीने तीन लढाया पाहिल्या आहेत. ९३८ साली न्गो क्वेन याने याच पाण्यात खुंट रोवून दक्षिण हान राज्याच्या आरमाराचा पाडाव केला आणि हजारेक वर्षांचा चिनी अंमल संपवला. ९८१ साली ले होआन सोंग सम्राटाच्या फौजेशी इथेच लढला. तिसरी लढाई १२८८ची. मी आले होते ती तिसरीसाठी.

ही लढाई समजून घ्यायची तर तिच्या आधीची तीस वर्षं बघावी लागतात. दाई व्हिएत हे तेव्हाचं व्हिएतनामी राज्य, लाल नदीच्या त्रिभुज प्रदेशाभोवती वसलेलं. वर चीन गिळत चाललेले मंगोल, खाली चंपाचं शैव राज्य. १२५८ साली मंगोल सेनापती सुबुताईचा मुलगा उरियांगखदाई युन्नानमधून खाली उतरला आणि राजधानी थांग लाँग, म्हणजे आजचं हानोई, त्याने घेतली. घेतली खरी, पण शहरात माणूस नव्हता आणि धान्यही नव्हतं. थोड्याच दिवसांत उपाशी फौज मागे फिरली. १२८५ साली कुब्लाईचा मुलगा तोघान उत्तरेकडून आला आणि चंपाच्या मोहिमेत अडकलेला सेनापती सोगेतू दक्षिणेकडून वर आला. पुन्हा राजधानी रिकामी झाली. राजा त्रान न्हान तोंग आणि त्याचे वडील, निवृत्त राजा थान तोंग, बोटींतून या खाडीतून त्या खाडीत निसटत राहिले. उन्हाळा आला, रोगराई आली, आणि मग उलट हल्ले सुरू झाले. सोगेतू मारला गेला. तोघान कसाबसा सरहद्दीपार झाला.

राजधानी सोडणं ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत संपते. मला ती तशी संपवता येत नाही. शहर रिकामं करायचं म्हणजे आजारी सासऱ्याला होडीत घालायचं, बियाण्याची पोती पुरून ठेवायची, उभं पीक जाळायचं किंवा सोडून जायचं, आणि परत येऊ तेव्हा घर असेल का हे कोणाला विचारायचं नाही. हे एकदा नाही, एका पिढीत तीनदा झालं. दुसऱ्या स्वारीच्या तोंडावर थान तोंगने राज्यभरातल्या वृद्धांना राजवाड्यात बोलावून विचारलं होतं, लढायचं की शरण जायचं. सगळ्यांनी एका आवाजात लढायचं सांगितलं, अशी नोंद आहे. सैनिकांनी दंडावर 'तातारांना मारा' अशा अर्थाची अक्षरं गोंदवून घेतली होती. हे गोंदण प्रत्येक व्हिएतनामी मुलाला ठाऊक असतं. आमच्या गाडीच्या तरुण चालकाने आपली बाही वर करून कोपराच्या वर बोट ठेवून दाखवलं, इथे.

तिसऱ्या स्वारीच्या वेळी कुब्लाईने आधीच्या चुका टाळायचं ठरवलं. जपानवरची नवी मोहीम त्याने १२८६ साली बाजूला ठेवली आणि सगळं बळ दक्षिणेकडे वळवलं. तोघान पुन्हा सेनापती. जमिनीवरून फौज आणि समुद्रावरून ओमर आणि फान ची यांच्या हाताखाली पाचशे जहाजं. आणि यावेळी जेवणाची सोय बरोबर: चांग वेन्हू नावाच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात सत्तर जहाजं आणि त्यात १,७०,००० शि धान्य. शि हे चिनी धान्यमाप, एक शि म्हणजे एक भरभक्कम पोतं. रिकाम्या राजधानीत उपाशी मरण्याची वेळ पुन्हा येणार नव्हती.

इथे एक माणूस येतो, ज्याच्याविषयी मला फार वाटतं. त्रान खान्ह यू हा राजघराण्यातला सरदार, पण एका बदफैली प्रकरणात त्याची पदवी आणि जमीनजुमला गेला आणि तो होडीतून कोळसा विकून पोट भरू लागला. युद्ध आलं तेव्हा राजाने त्याला परत बोलावून व्हान दोनच्या किनाऱ्यावर नेमलं. ओमरचं लढाऊ आरमार आलं आणि त्याने खान्ह यूला हरवलं. निवृत्त राजाने त्याला साखळदंड घालून आणायला माणूस पाठवला. खान्ह यूने त्या माणसाकडे दोन-तीन दिवसांची मुदत मागितली. त्याने ओळखलं होतं की ओमर मागच्या धान्याच्या जहाजांसाठी न थांबता पुढे गेला आहे, आणि भरलेली जहाजं जड, हळू आणि एकटी मागून येणार आहेत. ती आली. खान्ह यूने ती बुडवली, लुटली, उरलेली समुद्रात पळाली. ज्या हालाँगच्या पाण्यात आमची मंडळी त्या दिवशी बोटीवर कोळंबी खात होती, त्याच परिसरातली ही गोष्ट.

माझ्या मते मंगोलांचा पराभव तिथेच ठरला. बाख दांगला जे झालं ते त्या धान्यबुडीचं फळ. तोघान राजधानीत पोचला, ती रिकामी होती. चिडलेल्या फौजेने राजाचा आजा थाय तोंग याची कबर खणली. खायला काही नव्हतं, समुद्राकडून काही येणार नव्हतं, उकाडा सुरू होत होता. मार्चमध्ये त्याने परतीचा निर्णय घेतला. स्वतः तो जमिनीवरून निघाला आणि ओमरच्या जहाजांना नदीवाटे समुद्र गाठायला सांगितलं. आणि समुद्राकडे जाणारी वाट बाख दांगच्या मुखातून जात होती.

क्वांग येनमधलं येन जांगचं ते तळं मोठं नाही. भोवती विटांची भिंत, आत हिरवट पाणी, पाण्यातून वर आलेली काळपट लाकडी टोकं. काही सरळ, बरीचशी कललेली. फलक वाचला नाही तर कोणी त्यांना पडक्या धक्क्याचे खांब समजेल. १९५०च्या दशकात बांध घालण्यासाठी माती काढताना गावकऱ्यांना ती लागली आणि १९५८ पासून पुरातत्त्ववाल्यांनी नीट खोदकाम सुरू केलं. बहुतेक लाकूड लिमचं आहे. हे इतकं टणक आणि जड असतं की पाण्यात टाकलं तर बुडतं. खुंट अडीच मीटरच्या पुढे लांब. खालचं टोक कुऱ्हाडीने तासून निमुळतं केलेलं, चिखलात घुसावं म्हणून. वरची टोकं बहुतेक तुटलेली किंवा झिजलेली. शाळेच्या चित्रांत या खुंटांना लोखंडी टोपणं दाखवतात. जुन्या बखरीत ती टोपणं ९३८च्या लढाईच्या वर्णनात आहेत. १२८८च्या जागेतून निघालं ते साधं लाकूड.

आमच्याकडे डोल जाळं लावायला समुद्रात खुंट ठोकतात. एक खुंट बसवायचा म्हणजे किती खटाटोप, हे मी लहानपणी पाहिलंय. होडी जागेवर धरायची, ओढ ओळखायची, खुंट उभा करायचा, हलवत हलवत गाळात दाबायचा, वरून ठोकायचा, आणि पाणी फिरण्याआधी दुसरा घ्यायचा. काम करणारे दहा, सांगणारा एक. इथे हे काम शेकडो खुंटांचं होतं आणि शत्रू वरच्या अंगाला काही दिवसांच्या वाटेवर होता. लिमचं झाड दाट रानात वाढतं. ते तोडायचं, ओंडके नदीपर्यंत ओढायचे, तराफ्याला बांधून आणायचे कारण लाकूड स्वतः तरंगत नाही, तासायचे, आणि ओहोटीच्या वेळी गुडघाभर चिखलात उभं राहून रोवायचे. मग वरून गवत पसरून झाकायचे. हे सगळं गुपचूप. ज्या गावांतून हे लाकूड गेलं, त्यांतल्या एकाही माणसाने शत्रूला खबर दिली नाही, नाहीतर ओमर त्या वाटेने आलाच नसता.

मी त्या भिंतीला टेकून बराच वेळ उभी होते. नणंद एकेक टोक मोजायचा प्रयत्न करत होती. एका खुंटाच्या बाजूला कुऱ्हाडीचे सपाट छाट अजून दिसत होते, एकाखाली एक, उजव्या हाताने तासणाऱ्या माणसाने मारलेले. सेनापतीचं नाव राहिलं, राजांची नावं राहिली. या माणसाचे छाट राहिले. मला स्वतःला त्यांच्याविषयी जास्त आदर वाटतो आणि हे मी मोकळेपणाने लिहिते.

आज तळ्याच्या आजूबाजूला भातशेती, कोळंबीची तळी, घरं आहेत. नदी दूर गेली आहे. १५व्या शतकात, १४३४च्या सुमाराला, थांग लाँगहून आलेल्या काही कुटुंबांनी इथल्या दलदलीभोवती बांध घालून जमीन काढली, जशी आपल्याकडे खाजणं काढली. हा नम बेट म्हणून ओळखला जाणारा तो भाग भरतीच्या पातळीच्याही खाली आहे. बांध फुटला तर शेती समुद्रात. त्या कुटुंबांच्या पूर्वजांचा उत्सव आजही होतो. लढाईचा चिखल असा शेताखाली गेला, म्हणून खुंट टिकले. हवा लागली असती तर सातशे वर्षांत त्यांची माती झाली असती. २०१९च्या ऑक्टोबरात नदीच्या पलीकडे काओ क्वी नावाच्या शेतात असेच खुंट निघाले आणि त्या वर्षाअखेरीच्या खोदकामात सत्तावीस मोजले गेले. कर्ब-कालमापनाने तेही त्याच काळाच्या जवळ जातात. यावरून दिसतं की सापळा एका ठिकाणी नव्हता. मुख्य प्रवाह फार रुंद आणि खोल, तो अडवणं शक्यच नव्हतं. खुंट रोवले ते त्याच्या फाट्यांच्या तोंडाशी, समुद्राकडे निसटायच्या वाटांवर.

आता ती अष्टमी. तळ्याजवळच्या चहाच्या टपरीवर एक वयस्कर कोळंबीवाले बसले होते. चालकाच्या मदतीने मी त्यांना विचारलं. त्यांनी खिशातून फोन काढला आणि भरतीचं कोष्टक दाखवलं. दिवसाला एकच शिखर आणि एकच दरी. काही दिवस शिखर उंच, दरी खोल. मग हळूहळू सपाट होत होत दोन-तीन दिवस पाणी जवळपास हलतच नाही. मग पुन्हा चढतं. मी चंद्राच्या तिथीशी ते जुळवायला गेले तर जुळेना. उधाण कधी पौर्णिमेला, कधी अष्टमीला, महिन्यागणिक सरकत गेलेलं. त्यांना त्याचं काहीच नवल नव्हतं. त्यांच्यासाठी ते तसंच असतं.

हॉटेलवर परतल्यावर कागद घेऊन बसले तेव्हा उलगडलं. टोंकिनच्या आखाताचा आकार आणि खोली अशी आहे की दिवसातून दोनदा येणारी लाट तिथे जवळपास विरून जाते आणि दिवसातून एकदा येणारी उरते. या एकदाच्या लाटेचं बळ अमावस्या-पौर्णिमेवर नसतं. चंद्र विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला गेला आहे, यावर ते ठरतं. वसंतात सूर्य विषुववृत्ताच्या जवळ असतो, म्हणून अमावस्या-पौर्णिमेचा चंद्रही जवळच राहतो आणि अष्टमीचा चंद्र दूर जातो. म्हणजे एप्रिलमधली अष्टमी दाभोळला भांगाची आणि बाख दांगला उधाणाची. आणि दिवसाला एकच भरती म्हटल्यावर ओहोटीही लांब. आमच्याकडची सहा तासांत संपते, तिथली दहा-बारा तास उतरत राहते. मोठ्या उधाणाला चढ-उताराचा फरक चार मीटरच्या आसपास जातो. चिनी दरबारी इतिहासात त्या दिवसाची झुंज पहाटेपासून संध्याकाळपर्यंत चालल्याची नोंद आहे. तो एका लांब ओहोटीचा वेळ आहे. माझ्या मनातली गाठ सुटली आणि त्याचबरोबर त्या सेनापतीविषयीचा आदर दुप्पट झाला.

त्या सकाळी झालं ते असं. पाणी भरलेलं असताना दाई व्हिएतच्या हलक्या होड्या ओमरच्या आरमारासमोर आल्या, भिडल्या आणि हरल्यासारख्या मागे फिरल्या. ओमर पाठलागावर निघाला. गवताखालचे खुंट पाण्याखाली होते, दिसत नव्हते. पाणी उतरू लागलं तशा पळणाऱ्या होड्या उलटल्या आणि दोन्ही तीरांवरच्या खाड्यांतून दडलेलं सैन्य बाहेर आलं. आता ओहोटीची ओढ जहाजांना समुद्राकडे खेचत होती आणि समुद्राच्या तोंडाशी खुंट पाण्यातून वर येत होते. पहिली जहाजं अडकली, मागची त्यांच्यावर आदळली. वरून पेटते तराफे सोडले. चिनी बनावटीची मोठी जहाजं, मोठा तळ, मोठा भार. चिखलात बसल्यावर त्यांना वळवणं अशक्य. ज्यांनी उड्या मारल्या ते गाळात रुतले. व्हिएतनामी बखर चारशेहून जास्त जहाजं हाती लागल्याचं सांगते. फान ची पकडला गेला. ओमर पकडला गेला. तिकडे जमिनीवरून निघालेल्या तोघानवर लांग सोनच्या खिंडींत ठिकठिकाणी हल्ले झाले. तो जिवंत पोचला, पण बापाने त्याला यांगचौला धाडून दिलं आणि पुन्हा तोंड दाखवू दिलं नाही. मंगोलांची आणखी स्वारी या देशावर झाली नाही. १२९४ साली कुब्लाई मेला आणि नव्या खानाने तयारी मोडून टाकली.

त्रान हुंग दाओ हा तो सेनापती. नदीकाठी त्याचं देऊळ आहे आणि शेजारी एका बाईचं. लोककथा अशी की इथल्या धक्क्यावर चहा विकणाऱ्या एका म्हातारीने त्याला भरती-ओहोटीच्या वेळा सांगितल्या. युद्ध संपल्यावर तो तिला शोधायला आला तर ती सापडली नाही, म्हणून राजाला सांगून तिला राणीचा मान दिला आणि देऊळ बांधलं. खरं-खोटं बाजूला ठेवू. वेळा कुणीतरी सांगितल्याच असणार, कारण व्हान कीपच्या डोंगरात राहणाऱ्या सरदाराला या मुखावरचं पाणी कसं फिरतं ते जन्मजात माहीत असणं शक्य नाही. ज्ञान किनाऱ्यावरच्या माणसाचं होतं, हे लोकांनी देऊळ बांधून लक्षात ठेवलं. माझ्या नणंदेने तिथे पाच फळं ठेवली आणि नमस्कार केला.

इथे मला एक बोलायचं आहे. व्हिएतनामला जाते म्हटल्यावर नात्यातल्या चार जणांनी तो फिरत असलेला संदेश पाठवला, व्हिएतनामने अमेरिकेला शिवाजी महाराजांपासून शिकून हरवलं असा. त्या गोष्टीला आधार नाही. महाराजांना अशा उसन्या साक्षीची गरज नाही आणि ज्या देशाने आपल्याच नदीत, आपल्याच लाकडाने मंगोलांना अडवलं त्याला हा इतिहास कुणाकडून घ्यावा लागला नाही. गनिमी काव्यावर वाढलेल्या मराठी माणसाने तर बाख दांग आवर्जून पाहावं, त्याला तिथलं डोकं लगेच कळेल.

हुंग दाओच्या घरातली गोष्ट लढाईइतकीच मोठी आहे. त्याचा बाप त्रान लिएऊ हा थाय तोंग राजाचा थोरला भाऊ. वारस हवा म्हणून दरबाराने लिएऊची गरोदर बायको काढून राजाला दिली. लिएऊ बंड करून हरला आणि मरताना मुलाला म्हणाला की माझ्यासाठी राज्य घे, नाहीतर मला शांती मिळणार नाही. मुलाच्या हातात पुढे दोनदा सगळी फौज होती, राजा पळत होता आणि राजधानी रिकामी होती. त्याने राज्य घेतलं नाही. चालताना हातात लोखंडी टोकाची काठी असायची, राजाबरोबर असताना लोक तिच्याकडे संशयाने बघतात हे लक्षात आल्यावर त्याने टोक काढून टाकलं. घरातल्या मुलांना त्याने वडिलांच्या इच्छेविषयी विचारलं आणि एकाने सिंहासन घ्यावं असं सुचवलं तेव्हा त्याच्यावर तलवार उपसली. १३०० साली तो गेला. लोकांच्या देवांमध्ये तो त्यानंतर थोड्याच काळात सामील झाला आणि आजारी बायका-पोरांना घेऊन लोक आजही त्याच्या देवळात येतात.

नव्या बेन रुंग पुलावरून नदी ओलांडून आम्ही चांग केन्हला गेलो. तिथे नदीकडे तोंड केलेले तीन भव्य पुतळे आहेत: न्गो क्वेन, ले होआन आणि हुंग दाओ. समोर पाण्यात नकली खुंट रोवून ठेवलेत. शाळेच्या सहली येतात. पुतळे पाहून मला फारसं काही वाटलं नाही. ती मोठी जागा मोठीच वाटते. पण तिथेच चालकाशी माझा वाद झाला, तो ओमरवरून.

युद्धानंतर दाई व्हिएतने कुब्लाईकडे दूत पाठवले, नजराणा पाठवला, कैदी परत केले. जिंकूनही नमतं घेतलं आणि ते शहाणपणाचं होतं, कारण पुन्हा पाच वर्षांत धान्याची तीच जहाजं सजली असती. ओमरलाही परत पाठवायचं ठरलं. पण बखर सांगते की हुंग दाओच्या सल्ल्याने त्याच्या बोटीवर पोहणारे लोक खलाशी म्हणून चढवले, त्यांनी रात्री बोटीला भोक पाडलं आणि ओमर बुडाला. चीनला कळवलं की अपघात झाला.

मी म्हटलं, परत पाठवतो म्हणून शब्द दिला आणि मारलं, हे मला पटत नाही. चालक शांतपणे गाडी चालवत होता. तो म्हणाला, "त्या माणसाने आमच्या राजाची कबर खणली होती." हेही खरं होतं. विजयानंतर कैद्यांना त्याच कबरीसमोर उभं केलं होतं, आणि कबरीपुढच्या दगडी घोड्यांच्या पायांना चिखल लागलेला दिसला, जणू तेही लढून आलेत, अशी नोंद आहे. "शिवाय तो परत आला असता," तो पुढे म्हणाला. "तो सगळ्या खाड्या पाहून गेला होता." नणंद मागून म्हणाली, "ते बरोबर आहे, पण शब्द तो शब्द." मग गाडीत बराच वेळ याच्यावर चाललं. आम्ही दोघी एका बाजूला, तो एकटा दुसऱ्या बाजूला, आणि कोणीच हटत नव्हतं.

हायफाँगच्या जवळ आल्यावर त्यानेच दुसरी गोष्ट सांगितली, आणि मी नंतर पुस्तकात ती पडताळून पाहिली. युद्ध संपल्यावर शत्रूच्या सामानात एक पेटी सापडली. तिच्यात दाई व्हिएतच्याच सरदारांची आणि अधिकाऱ्यांची पत्रं होती, मंगोलांना शरण यायची तयारी दाखवणारी. उघड शरण गेलेल्यांना शिक्षा झाल्या होत्या, एक-दोन गावांना तर कायमच्या सक्तमजुरीला लावलं होतं. पण या पेटीतल्या पत्रांवर अजून कुणाची नजर पडली नव्हती. दरबारात बसलेल्या कित्येकांच्या मानेवर ती पेटी होती. थान तोंगने हुकूम दिला की पेटी न उघडता जाळा, आणि ती जाळली.